आधी नंबर प्लेट, मग गाडी

रविवारी सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर काही पोरं समुद्राकडे पाठ करून बसलेली असतात. लांबून इंजिनाची घरघर आली की मोबाइल सरसावतात आणि गाडी दिसायच्या आत वाद सुरू होतो: व्ही-टेन की व्ही-ट्वेल्व्ह, म्हणजे इंजिन दहा सिलिंडरचं की बारा? गाडी सुसाट निघून जाते. बाकीचे व्हिडिओ बघत बसतात, पण त्यांच्यातला एखादा मुरलेला गडी विचारतो, “पासिंग कुठलं होतं?” एमएच ०१ म्हणजे ताडदेव, पीवाय म्हणजे पुदुच्चेरी, जेएच म्हणजे झारखंड. ही सवय उगाच लागलेली नाही. आपल्याकडे स्वप्नातली गाडी कुठली आणि ती रस्त्यावर कितीदा दिसणार, हे कारखानदारांपेक्षा कस्टमवाल्यांनी आणि आरटीओनेच जास्त ठरवलं आहे.

स्वातंत्र्याआधी पैसेवाल्या मुंबईकराला परदेशी गाडीचं फार अप्रूप नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, फोर्डचंही मुंबईत बस्तान होतं. सुटे भाग जहाजातून उतरायचे आणि गाडी इथे उभी राहायची. संस्थानिकांचा मामला निराळा. त्यांच्या गाड्या कपड्यांसारख्या मापं देऊन शिवल्या जात: सांगाडा आणि इंजिन एका कंपनीचं, वरची बॉडी दुसऱ्याच कारागिराची.

त्यातली एक गाडी आजही रस्त्यावर येते, आणि कोल्हापूरकराला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली ही जर्मन बनावटीची लांबलचक गाडी दसऱ्याला नव्या राजवाड्यातून बाहेर निघते आणि छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातून दसरा चौकात येतात. मग शमीपूजन, मग सोनं लुटायची झुंबड. पण गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचं लक्ष पालख्यांच्याही आधी त्या बॉनेटकडे असतं. वर्षातून एकदाच दिसायची, ठरलेल्या तिथीला आणि ठरलेल्या चौकात. गाड्या बघायला रस्त्यावर जाऊन उभं राहण्याचा नाद महाराष्ट्रात कोणी आधी लावला असेल तर तो या मिरवणुकीने, असं माझं मत आहे. मुंबईकरांना पटणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की गाडी खरोखर इथे बनवायची तयारी असेल त्यालाच धंदा करू द्यावा. नुसत्या पेट्या उघडून नटबोल्ट आवळणाऱ्यांना नको. वर्षभरात जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. मागे राहिली अॅम्बॅसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या या प्रीमियरची फियाटही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळायची. परदेशी गाडी आयात करायची तर परवाना हवा, आणि तो सर्वसामान्याला मिळत नसे.

तरीही रस्त्यावर इम्पालासारखी लांबलचक अमेरिकन गाडी दिसायची. कुठून यायची? त्याला दोन चोरवाटा होत्या, म्हणजे तशा कायदेशीरच. परदेशात काही वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला वापरातली गाडी आणता येई. दुसरी वाट स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनची. परदेशी वकिलातींतले अधिकारी बदली होऊन जाताना आपल्या गाड्या या सरकारी महामंडळाकडे देत आणि महामंडळ त्यांचा लिलाव करी. सिनेमातले नट, बिल्डर, कंत्राटदार बोली लावायचे. म्हणजे त्या काळातलं मुंबईचं स्वप्न बहुधा सेकंडहँड असायचं. शेव्हरलेटची ही गाडी १९५८ सालची, पण ‘इम्पाला’ हा शब्द आपल्या बोलण्यात गाडीपेक्षा जास्त टिकला. गल्लीत मावणार नाही अशा कुठल्याही लांब गाडीला जुनी माणसं इम्पालाच म्हणत.

गाडी मिळाली तरी ती पोसायची कशी, हा पुढचा प्रश्न. आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन पेट्रोल पाण्यासारखं पीत असे, आणि १९७३ नंतर तेल भडकलं. स्पेअर पार्ट मिळायची बोंब. मग गॅरेजवाले मूळ इंजिन उतरवून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायचे. बाहेरून क्रोमची झळाळी, मागे पंखांसारखी शेपटी, आणि सिग्नल सुटला की बॉनेटखालून ट्रॅक्टरचा धडधडाट. आज गाड्या जीर्णोद्धार करून विकणारे या प्रकाराला नाकं मुरडतात, पण त्या डिझेल इंजिनांमुळेच कित्येक गाड्या भंगारात जायच्या वाचल्या.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. सुरुवातीचे काही महिने तीसुद्धा वळून बघण्याजोगी होती, यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. खऱ्या शौकिनांचं लक्ष दुसरीकडे होतं. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या जुन्या ब्रिटिश साच्यावरून काँटेसा काढली, पुढच्याच वर्षी प्रीमियरने ११८ एनई. दुसरीची बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निसानचं. दोन्ही गाड्या जगाच्या हिशेबाने शिळ्या होत्या. पण बंद खोलीत उजेडाची तिरीपही डोळे दिपवते, आणि काळ्या काचांची काँटेसा दिसली की आत मंत्री असणार नाहीतर भाई, असं धरून चालायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यातून सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची इवलीशी दोन सीटर आली. किती जणांनी ती प्रत्यक्ष पाहिली असेल, सांगणं कठीण. ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात.

उदारीकरणानंतर पहिला मोठा धक्का पुणेकरांना बसला. १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, आवारात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही ई-क्लास गाडी जोडली जाऊ लागली. किंमत वीस लाखांच्या पुढे, आणि तेही फ्लॅट काही लाखांत मिळायच्या दिवसांत. पण गाडी शोरूममध्ये जाऊन विकत घेता येते, तिला लिलाव किंवा परदेशवारी लागत नाही, हीच मोठी गोष्ट होती. २००१ मध्ये तयार गाड्यांच्या आयातीवरची परवान्याची अट उठली आणि परवान्याची जागा करांनी घेतली.

कर म्हणजे काय चीज आहे, हे देशाला समजावलं सचिन तेंडुलकरच्या लाल फेरारीने. २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने कसोटीतलं एकोणतिसावं शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली. त्याबद्दल फियाटने दिलेल्या फेरारी ३६० मोडेनाची किल्ली फॉर्म्युला वनचा शर्यतपटू मायकेल शूमाकरने त्याला इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर दिली. गाडीवरचं सुमारे १ कोटी १३ लाखांचं आयात शुल्क केंद्राने माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर शुल्क फियाटनेच भरलं. पुढे २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. पण मधली आठ-नऊ वर्षं मुंबईत ‘ती लाल फेरारी’ म्हटलं की एकच गाडी डोळ्यांसमोर यायची. तिचा माग काढत पहाटे हिंडणारी पोरं, हीच मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरची पहिली पिढी म्हणायची.

नंबर प्लेट वाचायची विद्या याच सुमाराला पक्की झाली. रस्त्यावर अरबी आकड्यांच्या किंवा पिवळ्या ब्रिटिश प्लेटा दिसू लागल्या. त्या ‘कार्नेट’वर आलेल्या गाड्या: शुल्क न भरता काही महिन्यांपुरत्या आणायच्या आणि मुदतीत परत न्यायच्या. काही परत गेल्याच नाहीत, आणि जप्तीच्या बातम्या येऊ लागल्या. मग २०१३ च्या अर्थसंकल्पात महागड्या तयार गाड्यांवरचं सीमाशुल्क ७५ वरून १०० टक्के झालं. त्यावर पुढे जीएसटी आणि सेस धरला, तर बंदरात कोटभराची गाडी शोरूममध्ये तीन कोटींच्या घरात जायची. आणि एवढं भरूनही महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के रोड टॅक्स उरतोच. त्याला कमाल मर्यादा होती २० लाखांची, ती २०२५ मध्ये ३० लाख केली गेली. पुदुच्चेरीत हा कर बराच कमी; पेडर रोडवरच्या गाडीला तिथलं पासिंग का, याचं उत्तर इथे आहे.

२००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, पुढे कोस्टल रोड झाला, आणि या गाड्यांना मोकळी धावपट्टी मिळाली. अर्थात तिथवर पोचायचं म्हणजे स्पीडब्रेकर आलेच. चार-पाच कोटींची लॅम्बोर्गिनी सोसायटीच्या गेटपाशी तिरकी होते, पुढचं नाक वर उचलते, वॉचमन हात दाखवून मागची रिक्षा थांबवतो, आणि मुंगीच्या पावलांनी एकेक चाक पलीकडे उतरतं. हे दृश्य मला सुसाट गाडीपेक्षा जास्त आवडतं.

पण आता लॅम्बोर्गिनी एवढ्या झाल्या आहेत की कठड्यावरची पोरं तिला मान वळवतातच असं नाही. दरम्यान उलटी गंमत झाली. प्रीमियरची ती फियाट पुढे पद्मिनी नावाने टॅक्सी म्हणून मुंबईभर धावली; शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे बाद झाली. जी गाडी हात केला की थांबायची, तीच आता दिसली तर फोटो काढावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती घेतली की गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. म्हणून कित्येक मालक जुनीच नोंदणी सांभाळून आहेत.

परवा अशीच एक दुधी रंगाची पद्मिनी खासगी पासिंगची, गिरगाव चौपाटीच्या सिग्नलला थांबली. प्लेटवर तीन अक्षरं, चार आकडे. म्हणजे एमएच ०१ वगैरे प्रकार सुरू व्हायच्या आधीची. कठड्यावरून दोन पोरं उठून धावत गेली. काच खाली होती. आत सत्तरीचे काका, आणि पोरांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता की मायलेजचा.

“काका, गिअर खरंच स्टिअरिंगला आहे? एकदा टाकून दाखवा ना.”

काकांनी क्लच दाबला आणि दांडा खाली ओढला. सिग्नल केव्हाच सुटला होता. मागची पोर्शे हॉर्न वाजवत राहिली.