'ऑटोमॅटिक' या शब्दामागचा इतिहास : क्लस्टरमध्ये डेटाबेस कोण सुरू करतो?

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या दोन सर्व्हरांच्या क्लस्टरची (एकत्र जोडून एकाच यंत्रणेसारख्या चालवलेल्या सर्व्हरांच्या गटाची) देखभाल काही वर्षे माझ्याकडे होती. एका मे महिन्यात संध्याकाळी बॅकअपसाठी ओरॅकल डेटाबेस रीतसर आज्ञा देऊन बंद केला आणि तो परत सुरू करण्याआधीच वळवाच्या पावसात वीज गेली. पहाटे वीज आल्यावर दोन्ही सर्व्हर उठले, क्लस्टरची यंत्रणा उठली, डेटाबेसकडे येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा लिसनर उठला; डेटाबेस मात्र उठला नाही. सकाळी कास्टिंग भरलेला कोल्हापूरचा ट्रक चलनासाठी गेटवर उभा होता, आणि डेटाबेस सुरू करण्याच्या सेटिंगमध्ये तर 'ऑटोमॅटिक' असे स्वच्छ लिहिलेले होते.

एकाच सर्व्हरच्या काळात हा प्रश्न साधा होता. युनिक्सच्या सिस्टम व्ही परंपरेत मशीन सुरू होताना ठरावीक डिरेक्टरीतील स्क्रिप्ट क्रमाने चालत. ओरॅकलने त्यावर 'ओराटॅब' नावाच्या फाइलची सोय केली होती. तिच्यात प्रत्येक डेटाबेसची एक ओळ असे आणि ओळीच्या शेवटी 'वाय' किंवा 'एन' हे अक्षर. 'डीबीस्टार्ट' ही स्क्रिप्ट ते अक्षर वाची आणि 'वाय' असलेले डेटाबेस सुरू करी. मशीन एक आणि डेटाबेसही त्याच मशीनचा, त्यामुळे तो सुरू करण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्नच उद्भवत नव्हता.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीने 1983 साली व्हॅक्सक्लस्टर जाहीर केला. अनेक संगणकांनी एकच साठवण वापरण्याची ही पद्धत पुढे रुळली आणि तो प्रश्न उभा राहिला. एकाच वेळी एकाच मशीनवर चालायचा डेटाबेस दोन्ही मशीननी आपापल्या बूट-स्क्रिप्टमधून सुरू केला, तर एकाच डेटा फाइलवर दोघेही लिहू लागतात आणि माहितीची नासाडी होते. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आपल्या डेटा डिरेक्टरीत चालू प्रोसेसच्या (मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) क्रमांकाची एक फाइल ठेवतो खरा, पण तो क्रमांक दुसऱ्या मशीनवरचा असेल, तर ती प्रोसेस जिवंत आहे की नाही हे या मशीनला तपासता येत नाही.

म्हणून नियम उलटा झाला : क्लस्टरमधील डेटाबेस मशीनने स्वतःहून सुरू करायचा नाही, तो क्लस्टरने सुरू करायचा. मायक्रोसॉफ्टची क्लस्टर सेवा 1997 साली विंडोज एनटीबरोबर आली. फेलओव्हर क्लस्टरमधील (एक मशीन पडले की काम दुसऱ्याकडे जाते अशा क्लस्टरमधील) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची सेवा आजही 'मॅन्युअल' ठेवलेली असते, आणि नवा माणूस ती चूक समजून 'ऑटोमॅटिक' करून बसतो. लिनक्सवर आधी हार्टबीट आणि पुढे पेसमेकर ही क्लस्टर सांभाळणारी सॉफ्टवेअर आली. तेथेही सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेमध्ये डेटाबेसचा स्वयंचलित प्रारंभ बंद ठेवावा लागतो. ज्या नोडची (क्लस्टरमधील मशीनची) खबर मिळत नाही, त्याची वीज तोडून मगच दुसरीकडे डेटाबेस सुरू करण्याची 'स्टोनिथ' ही व्यवस्था कठोर वाटते, पण सामायिक साठवणीवर तिच्याशिवाय निश्चिंत राहता येत नाही.

ओरॅकलची वाट थोडी वेगळी. 2001 च्या 9आय आवृत्तीतील आरएसीमध्ये (रिअल अॅप्लिकेशन क्लस्टर्समध्ये) दोन्ही नोडवरचे इन्स्टन्स (एकच डेटाबेस चालवणारे प्रोसेसचे संच) एकाच वेळी, एकमेकांशी समन्वय राखून चालतात. 10जी मध्ये ओरॅकलने स्वतःचे क्लस्टरवेअर, म्हणजे क्लस्टर चालवणारे सॉफ्टवेअर, दिले आणि स्टँडर्ड एडिशन या स्वस्त प्रकारामध्येही आरएसीची मुभा दिली. मध्यम आकाराच्या कारखान्याला हे परवडू लागले ते त्यामुळेच. 19सी मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली.

क्लस्टरवेअरच्या 'ऑटो_स्टार्ट' या गुणधर्माला तीन मूल्ये आहेत : 'ऑलवेज', 'रिस्टोअर' आणि 'नेव्हर'. यांपैकी 'रिस्टोअर' म्हणजे नोड बंद पडण्यापूर्वी डेटाबेस ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत तो परत आणणे. 11जी रिलीज 2 पासून डेटाबेसच्या 'ऑटोमॅटिक' धोरणाचा अर्थ हाच आहे : चालू होता तर चालू, मुद्दाम बंद केला होता तर बंद. आमचा डेटाबेस संध्याकाळी आम्हीच बंद केला होता आणि क्लस्टरने आमचा शब्द तंतोतंत पाळला होता.

माझ्या मते हे धोरण योग्यच आहे. पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) अर्धवट लागलेला असताना, किंवा डेटा फाइलची दुरुस्ती चालू असताना, वीज येताच डेटाबेस आपोआप उघडला, तर थांबलेल्या ट्रकपेक्षा कितीतरी मोठे नुकसान होईल. चूक आहे ती 'ऑटोमॅटिक' या नावाची. वाचणारा त्याचा अर्थ 'नेहमी' असाच घेणार. मूल्य बदलून 'ऑलवेज' करता येते, पण 12सी पासून त्या आज्ञेला 'अनसपोर्टेड' असा पर्याय जोडावा लागतो, यावरून उत्पादकाचा कल समजतो.

आम्ही 'रिस्टोअर' तसेच ठेवले. सर्व्हर रूमच्या दारामागे मात्र एक वही लटकवली : डेटाबेस कोणी, किती वाजता आणि कशासाठी बंद केला, हे तिच्यात लिहायचे, आणि वीज आल्यावर पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने आधी ती उघडायची. पहिल्या पानावरची सूचना मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहिली आहे.