ऑटोत मावेल एवढा खर्ज

बेस गिटार वाजवणाऱ्याचं अर्धं आयुष्य ओझी वाहण्यात जातं. गायक मोकळ्या हातानं येतो, कीबोर्डवाला पाठीला बॅग लावून येतो, आणि आपण नागपुरात धरमपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरून स्पीकरचं धूड खाली उतरवत असतो. त्यामुळे कॉलेजची पोरं जेव्हा विचारतात, ‘भाऊ, प्रोग्रामसाठी एकच कॅब (बेसच्या स्पीकरचा खोका) घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ तेव्हा मी आधी विचारतो, ‘नेशील कशात?’ त्यांना वाटतं मी टाळतोय. पण निम्मं उत्तर त्या प्रश्नातच आहे.

बेसवरची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात, म्हणजेच 41 हर्ट्झ. हवेतली तिची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. एवढी लांब लाट उठवायची तर हवा भरपूर ढकलावी लागते. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. दुप्पट नव्हे, चौपट! खर्ज महाग पडतो तो इथे.

बरं, पडदा पुढची हवा दाबतो तेव्हा मागची विरळ होते. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर पुढची दाबलेली हवा कडेनं वळसा घालून मागे जाते आणि खर्ज जागच्या जागी मरतो. म्हणून खोका लागतो. पूर्ण बंद खोक्यात आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला आवर घालते. दुसऱ्या प्रकारात खोक्याला एक भोक किंवा नळी असते. घरातल्या माठाच्या तोंडावर तळहातानं थाप मारून बघा. माठ जितका रिकामा, तितका ‘घुम्म’ खोल. आतली हवा आणि तोंडाशी असलेला हवेचा दट्ट्या मिळून एका ठरावीक स्वराला झुलतात. हर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हा अनुनाद अभ्यासला. भोकवाली कॅब म्हणजे चौकोनी माठच. मात्र माठाच्या स्वराच्या खाली गेलं की आतल्या हवेचा आधार सुटतो आणि पडदा वेड्यासारखा धडपडतो. 400 वॉटचा शिक्का असलेला स्पीकर त्याहून कमी वॉटवर फाटतो तो बहुधा असाच. अ‍ॅम्पवर (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर) हाय-पास फिल्टर, म्हणजे अगदी खालचे स्वर गाळणारी सोय, असेल तर तो 35 ते 40 हर्ट्झच्या आसपास लावून ठेवावा.

ध्वनितंत्रात हॉफमन यांच्या नावानं एक ‘पोलादी नियम’ ओळखला जातो. खोल खर्ज, छोटा खोका आणि थोडक्या वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. ऑटोचं मागचं सीट आपल्या हातात नाही, म्हणजे छोटा खोका ठरलेलाच. मग सोडायचं काय? मी बिनदिक्कत खोल खर्ज सोडतो.

यावर पोरं माझ्याकडे ‘बाप्पा, काय बोलताय!’ अशा नजरेनं बघतात. पण जुन्या टेलिफोनच्या लाइनवर 300 हर्ट्झच्या खालचं जवळपास काही जात नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर तर बहुधा 100 ते 150 हर्ट्झमध्ये असतो. तरी फोनवर बाबांचा आवाज बाबांचाच भारदस्त वाटायचा ना? वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वर, कानी पडले की मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतःच भरून घेतो. बेसचंही तसंच आहे. 82 आणि 123 हर्ट्झचे उपस्वर नीट आले की 41 चा ई ‘ऐकू’ येतो. अ‍ॅम्पेग कंपनीनं 1969 मध्ये एसव्हीटी अ‍ॅम्प आणला. त्याच्या जोडीची आठ स्पीकरांची बंद कॅब ‘फ्रिज’ म्हणून जगभर गाजली. तिच्या आजच्या आवृत्तीचं वजन 60 किलोच्या वर आहे, आणि कंपनीच्याच कागदावर 58 हर्ट्झला तिचा आवाज 3 डेसिबलनं पडलेला असतो. एवढा फ्रिज खांद्यावर घेऊनही 41 पुरता मिळत नाही, तर दोन स्पीकरांच्या कॅबकडून तो कशाला मागायचा?

दुकानात वॉटचा आकडा बघू नका, संवेदनशीलता बघा. एका वॉटवर, एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. वॉट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. 97 ऐवजी 100 डेसिबलची कॅब घेतली, तर अ‍ॅम्प दुप्पट केल्याचं काम फुकटात झालं.

15 इंची स्पीकर की 10 इंची, हा वाद मला फारसा पटत नाही. इंचावरून खर्ज ठरत नाही. मोठा पडदा वरचे स्वर मात्र टॉर्चच्या झोतासारखे फेकतो. दोन स्पीकरांची कॅब आडवी न ठेवता उभी ठेवावी. आवाज दोन्ही बाजूंना जास्त पसरतो आणि वरचा स्पीकर पोटरीऐवजी कानाच्या जवळ येतो.

घरी घुमणारी कॅब वर्धा रोडवरच्या लग्नाच्या लॉनवर मात्र पार सुकून जाते. त्यात तिचा दोष नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात आणि परत आणायला भिंती नसतात. तिथे डीआयमधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला पोचवणाऱ्या डबीतून) साउंडवाल्याला लाइन द्यावी आणि कॅब फक्त स्वतःला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरती ठेवावी.

भिंतीही दगा देतात. एकदा एका लहान हॉलमध्ये माझा डी तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा एफ गायबच झाला. शेजारचे स्वर ठणठणीत, एफ मात्र पोकळ. मी तार बदलली, मग बॅटरी. शेवटी लक्षात आलं की कॅबचा पडदा मागच्या भिंतीपासून बरोबर एक मीटरवर होता. भिंतीवरून परतणारा आवाज दोन मीटर जास्त चालून येतो. एफच्या 87 हर्ट्झला लाट चार मीटरच्या आसपास, म्हणजे दोन मीटर ही नेमकी अर्धी लाट, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खातात. कॅब भिंतीला चिकटवली, एफ परत आला.

तर मी सांगतो ते असं: 12 इंची दोन स्पीकर, निओडिमियम चुंबकाची म्हणजे वजनाला हलकी, आणि 8 ओहमची (ओहम म्हणजे कॅबचा विजेला होणारा अडथळा). दुकानदार म्हणेल 4 ओहमची घ्या, अ‍ॅम्पचे सगळे वॉट मिळतील. खरं आहे, पण 8 वर साधारण निम्मे वॉट गेले तरी तोटा 3 डेसिबलचाच. पुढे पैसे जमले की तशीच दुसरी 8 ओहमची जोडायची. अ‍ॅम्पला मग 4 ओहम दिसतात, आणि वाढलेले वॉट अधिक दुप्पट पडदे मिळून खर्जात 6 डेसिबलच्या आसपास मिळतात. तेव्हा ऑटो दोन करावे लागतील, एवढंच.