मोठ्या स्टॅकचा आक्रमक खेळ

पोकरच्या स्पर्धेत इतरांपेक्षा बऱ्याच जास्त चिप्स (पणाला लावायच्या चकत्या) हाती आल्यावर वारंवार रेज करून, म्हणजे लावलेली रक्कम वाढवून, बाकीच्यांना पत्ते टाकायला लावण्याची पद्धत. स्टॅक म्हणजे खेळाडूपुढचा चिप्सचा ढीग; अशा खेळाडूला ‘बिग स्टॅक’ म्हणतात. नाशकातल्या पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याला सरळ ‘टेबलवरचा दादा’ म्हटले जाईल. बळी तो कान पिळी, असा त्याचा अर्थ लावला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. दादाचे बळ त्याच्या ढिगात कमी आणि समोरच्याच्या बाहेर पडण्याच्या भीतीत जास्त असते.

एका डावात दोघांमध्ये खऱ्या अर्थाने पणाला लागतो तो लहान स्टॅक. एकाकडे ६,००० आणि दुसऱ्याकडे २,००० चिप्स असतील, तर त्या दोघांचा डाव २,००० चाच. वरचे ४,००० त्या डावात मुकेच राहतात. मग दबाव येतो कुठून? हरल्यावर एक जण ४,००० घेऊन खेळत राहतो आणि दुसरा खुर्ची सोडून उठतो, या फरकातून. लासलगावच्या कांदा लिलावात हे रोज दिसते. ज्याच्या चाळीत माल टिकतो तो भाव पडला तर ट्रॉली परत नेतो. ज्याला आजच उधारी फेडायची आहे, त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. दोघांच्या कांद्यात मात्र काडीचा फरक नसतो.

रोख पैशांच्या खेळात, म्हणजे कॅश गेममध्ये, ही दादागिरी फारशी चालत नाही, कारण हरलेला पुन्हा चिप्स विकत घेऊन बसतो. स्पर्धेत तसे नसते, आणि स्पर्धेतली चिप म्हणजे पैसाही नव्हे. १९२५ पासून प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ पासून चलार्थपत्र मुद्रणालय ज्या नाशिकरोडला आहे, तिथल्या माणसाला कागद आणि किंमत यांतला फरक वेगळा सांगायला नको. स्पर्धेतल्या हजार चिप्सची किंमत त्या कोणाच्या हातात आहेत यावर ठरते.

ही किंमत काढण्याची रूढ रीत म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल). तिचे गणित डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडले होते; पोकरमध्ये ते १९८० च्या दशकात मेसन मॅलमथ यांनी आणले. पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या वाट्याइतकी धरायची, विजेत्याला बाजूला काढून उरलेल्यांत तोच हिशेब दुसऱ्या क्रमांकासाठी करायचा, आणि असेच पुढे.

समजा तिघे उरले आहेत आणि बक्षिसे दोनच, ७० आणि ३०. मोठ्याकडे ६,०००, धाकट्या दोघांकडे प्रत्येकी २,००० चिप्स. मोठ्याकडे ६० टक्के चिप्स असूनही त्याच्या जागेची किंमत ५१ भरते. धाकट्यांची मात्र २० नव्हे, २४.५. आता मोठा ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला) म्हणाला आणि एका धाकट्याने कॉल केला, म्हणजे आपल्या चिप्स लावून डाव स्वीकारला. धाकटा जिंकला तर त्याची किंमत ३९ होते, हरला तर शून्य. म्हणजे ब्लाइंड्स (डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) बाजूला ठेवल्या तरी त्याला १०० पैकी जवळजवळ ६३ वेळा जिंकता आले पाहिजे, तरच तो कॉल परवडतो. मोठा जिंकला तर ५१ वरून ६२ वर जातो, हरला तर ३९ वर येतो. त्याला ५२ टक्के पुरतात. चिप्स तेवढ्याच आणि डावही तोच, पण एकाला ५२ पुरेत आणि दुसऱ्याला ६३ हवेत.

या ६३ चा पत्त्यांतला अर्थ असा. मोठा कोणतेही दोन पत्ते घेऊन डोळे मिटून ऑल-इन जात असला, तरी हातात पंजांची जोडी घेऊन कॉल करणे धाकट्याला परवडत नाही, कारण ती अशा हाताविरुद्ध सुमारे ६० टक्केच जिंकते. छक्क्यांची जोडी जेमतेम काठावर येते. समोरचा हूल देतो आहे हे कळूनही पत्ते टाकावे लागतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन धाकटे आपापसांत भिडले आणि त्यांतला एक बाहेर पडला, तर हात न लावता मोठ्याची किंमत ५१ वरून ५४ होते. मोठा स्टॅक अधूनमधून पत्ते टाकून स्वस्थ बसतो, ते भित्रेपणाने नव्हे.

हल्ला बक्षिसांच्या उंबरठ्यावर, म्हणजे ‘बबल’वर, सर्वांत जास्त फळतो. रेज लहानच असते. ब्लाइंड्स १०० आणि २०० आणि अँटी (सर्वांनी डावाआधी टाकायच्या चिप्स) एकूण २०० असेल, तर पॉटमध्ये, म्हणजे मधल्या गल्ल्यात, ५०० पडलेले असतात. ४०० ची रेज १०० पैकी ४५ वेळा सर्वांना पत्ते टाकायला लावू शकली तरी पत्ते न बघताही फायदा सुटतो. हल्ला करायचा तो मधल्या स्टॅकवर. त्याच्याकडे गमावण्यासारखे काही असते आणि आपल्यापेक्षा लहान कोणीतरी आधी बाहेर पडेल अशी आशाही असते. अगदी तळाचा, चार-पाच ब्लाइंड्स (मोठ्या ब्लाइंडच्या चार-पाच पट चिप्स) उरलेला खेळाडू घाबरत नाही, कारण तो नाहीतरी संपलाच असतो. पंधरा-वीस ब्लाइंड्सवाला उलट ऑल-इन जाऊन हल्लेखोरालाच पेचात टाकतो. दुसरा मोठा स्टॅक डावीकडे, म्हणजे आपल्यानंतर बोलणारा असेल, तर दादागिरी निम्मी संपते. एका डावात आपल्याला बाहेर काढू शकणारा टेबलवर तोच असतो.

ही पद्धत बहुधा फसते ती पत्ते टाकतच नाहीत अशा लोकांसमोर. दिवाळीच्या तीन पत्तीत वाढलेला खेळाडू ‘बघू तर काय आहे’ म्हणून कॉल करतो, आणि सगळे गणित कोलमडते. तीन पत्तीची सवय दुसऱ्या बाजूनेही आड येते. घरगुती तीन पत्तीत पैसे संपलेल्यासाठी बहुधा साइड पॉट, म्हणजे बाकीच्यांच्या जास्तीच्या पैशांचा वेगळा गल्ला, नसतो. उसने घ्या नाहीतर पॅक व्हा. तिथे जाड खिसा चालीवर चाल देत चांगला हातही खरोखर विकत घेऊ शकतो. पोकरमध्ये कोणालाही आपल्या पुढ्यातल्या चिप्सपेक्षा जास्त लावायला भाग पाडता येत नाही. तीन पत्तीतला जाड खिसेवाला पोकरला बसला की हा फरक विसरतो आणि ढीग वाटून टाकतो.

या खेळाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे स्टू उंगर. १९८० आणि १९८१ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू १९९७ मध्ये शेवटच्या टेबलवर सर्वाधिक चिप्स घेऊन बसला आणि तिसऱ्यांदा जिंकला. २००६ मध्ये ८,७७३ खेळाडूंतून जेमी गोल्डनेही आघाडी अशीच वापरली आणि १ कोटी २० लाख डॉलर नेले. उलट बाजूला १९८२ चा जॅक स्ट्रॉस आहे, जो ५०० च्या एकाच चिपवरून परतला आणि स्पर्धा जिंकला. तळाच्या माणसाला भीती नसते, याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही. शेवटी दोघेच उरले की दुसरे बक्षीस दोघांचेही पक्के असते, त्यामुळे आयसीएमचा दबाव नाहीसा होतो आणि चिप्स पुन्हा साध्या चिप्स होतात.

नाशकात कॅसिनो नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९७६ चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आणि मोठ्या भारतीय पोकर संकेतस्थळांनी पैशांचे डाव थांबवले. उरली ती मुख्यतः पणजीत मांडवीतली कॅसिनोची जहाजे, आणि गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतच्या फ्लॅटमधले नुसत्या चिप्सवरचे डाव. अशा बिनपैशाच्या डावात बाहेर पडण्याचे कोणाला फारसे वाटत नाही, म्हणून दादाची हूल चालत नाही. जो तो कॉल करतो. पहिला बाहेर पडलेला पत्ते पिसायला बसतो आणि पुढचा डाव केव्हा मांडायचा एवढेच विचारतो.