कणस्वर ही निव्वळ सजावट नाही

कणस्वर म्हणजे मुख्य स्वराला जोडून येणारा दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श. ‘कणस्वर म्हणजे गाण्याची वेलबुट्टी, आधी राग बसवा, कण मागाहून घालता येतात’ हा समज गाणं शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. ठुमरीतल्या काही जागांपुरता तो खपून जाईल. रागाच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

हमीर राग घ्या. ‘ग म ध’ म्हणताना धैवत सरळ लावला तर हमीर उभाच राहत नाही. वरच्या निषादाला निसटता स्पर्श करून धैवतावर यायचं, तिथेच जाणकार राग ओळखतो. शुद्ध कल्याणात काम याहून नाजूक. आरोह (चढते स्वर) भूप रागाचाच, पण उतरताना तार षड्जावरून धैवताकडे अखंड घसरत येणाऱ्या मींडेत निषाद आणि पंचमावरून गंधाराकडे येताना तीव्र मध्यम हळूच लागून जातो. (काही गायक निषाद स्पष्टही घेतात.) हे स्पर्श पुसले की उरतो जवळजवळ भूपच.

पं. भातखंडे यांच्या स्वरलिपीत कण मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक अक्षरात छापतात. बारीक म्हणजे वगळण्याजोगा नव्हे. त्याचा अवधी कमी, एवढंच. म्हणून रागाची पहिली सरगम घोटतानाच तो गुरूंकडून गळ्यावर चढवून घ्या. सपाट धैवताची सवय एकदा जडली की मोडायला फार जड जाते.