युद्धविनोदी कार्टूनपट (आरंभीचा बोलपटकाळ)

अमेरिकेत १९२९ ते १९३९ या काळात निघालेले, युद्धाची थट्टा करणारे सहा-सात मिनिटांचे ध्वनियुक्त कार्टूनपट. हे चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवत. त्यांतले युद्ध बहुधा पहिले महायुद्ध असे. ते नावाने क्वचितच सांगितले जाई, पण खंदक, काटेरी तारा आणि डोक्यावरून सूं करत जाणारे तोफगोळे पाहून प्रेक्षक ओळखायचे ते ओळखत. ते युद्ध संपून जेमतेम दहा वर्षे झाली होती, म्हणजे खंदकातून परतलेली माणसे त्याच खुर्च्यांवर बसून हसत होती.

युद्धावरची कार्टूने मूकपटाच्या काळातही होती. फेलिक्स या मांजराला १९२२ मध्येच उंदरांशी लढायला धाडले होते. पण ध्वनी आल्यावर विनोदाची जातच बदलली. वॉल्ट डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’ने नोव्हेंबर १९२८ मध्ये चित्र आणि संगीताचा नेमका मेळ घालून दाखवला. त्यानंतर कार्टूनमधली प्रत्येक हालचाल तालाच्या मात्रा मोजून आखली जाऊ लागली. या पद्धतीला युद्धासारखा विषय आयताच मिळाला, कारण मशीनगनची फैर मुळातच ढोलासारखी वाजते, गोळा येतो तो शिटी घालत आणि कूच तर तालावरच होते. संगीतकाराला वेगळे काही रचावेच लागत नसे. शिवाय पात्रांचे हातपाय रबरी नळीसारखे असत. अंगाला भोके पडली तरी पात्र पुढच्या क्षणी धडधाकट. जखम आहे पण वेदना नाही, हीच या विनोदाची गोम.

या प्रकारातला पहिला गाजलेला नमुना म्हणजे डिस्नेचा ‘द बार्नयार्ड बॅटल’ (१९२९). उंदरांच्या गावावर मांजरांची फौज चालून येते, मिकी सैन्यात भरती होतो आणि गोळ्या संपल्यावर पियानोच्या पट्ट्यांचा मारा करतो. मांजरांच्या डोक्यावर जर्मन पद्धतीची लष्करी शिरस्त्राणे होती. १९३० मध्ये जर्मन सेन्सॉरने नेमके तेवढेच पाहिले आणि राष्ट्राच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो म्हणून परवानगी नाकारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात युनिव्हर्सल या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’वरही तिथे बंदी आली. तो गंभीर, युद्धविरोधी चित्रपट होता. गंमत अशी की युनिव्हर्सलनेच आपल्या या चित्रपटाची खिल्ली उडवणारे ‘नॉट सो क्वाएट’ हे ऑस्वाल्ड सशाचे कार्टूनही १९३०मध्येच काढले होते.

या सगळ्यांत काळाकुट्ट विनोद आहे तो ‘बॉस्को द डोबॉय’ (१९३१) मध्ये. ‘डोबॉय’ म्हणजे पहिल्या महायुद्धातला अमेरिकी शिपाई. डिस्नेकडून बाहेर पडलेल्या ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांनी बॉस्को हे कार्टूनपात्र निर्माण केले होते. हे कार्टून हार्मनचे, वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्स मालिकेतले. खंदकात बॉस्को जेवायला बसतो, तर अन्नाचा चुराडा होतो. प्रेयसी हनीचे छायाचित्र काढून त्याचे चुंबन घेतो, तर त्याचीच चाळण होते. पाणघोड्याच्या पोटातला गोळा काढण्यासाठी तो त्याचे पोट चेन ओढून उघडतो. स्फोटाने काजळलेला बॉस्को शेवटी ‘मॅमी!’ असे ओरडतो. तोंडाला काळे फासून गाणाऱ्या गोऱ्या गायकांची ही नक्कल. बॉस्को स्वतःच त्या वर्णद्वेषी करमणुकीतून आलेला असल्याने हा शेवट आज बघवत नाही. बाकीचे मात्र अजूनही धारदार आहे: शिपायाची भूक आणि घरची ओढ ही खरी दुःखे त्यात आहेत, फक्त ती ठेक्यावर येतात.

पुढच्या काही वर्षांत धार बोथट झाली. फ्लायशर स्टुडिओच्या ‘देअर्स समथिंग अबाउट अ सोल्जर’ (१९३४) मध्ये बेटी बूप चुंबनाचे आमिष दाखवून भरती करते आणि शत्रू असतात डास. जॅक किंगच्या ‘बूम बूम’ (१९३६) मध्ये पोर्की डुक्कर खंदकात आहे; त्यात नवे फारसे नाही. डिस्नेच्या रंगीत ‘म्युझिक लँड’ने (१९३५) मात्र ध्वनीची मूळ कल्पना टोकाला नेली. त्यात अभिजात संगीताचे राज्य आणि जॅझचे बेट यांत लढाई जुंपते, पात्रे शब्दांऐवजी वाद्यांच्या आवाजात बोलतात आणि ऑर्गनच्या नळ्यांतून वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या सुरांचा तोफमारा होतो. युद्ध मिटते ते लग्नाने. बॉब क्लॅम्पेटच्या ‘व्हॉट प्राइस पोर्की’त (१९३८) कोंबड्यांच्या मक्यासाठी बदके लढतात. तोवर युरोपात हुकूमशहांचे पेव फुटले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये नवे महायुद्ध सुरू झाले आणि डिसेंबरात एमजीएम या चित्रपट कंपनीचे ‘पीस ऑन अर्थ’ आले. त्याचा दिग्दर्शक बॉस्कोवालाच ह्यू हार्मन. यात खारींचे आजोबा नातवंडांना सांगतात की माणसे आपसांत लढत राहिली आणि शेवटची दोघेही एकमेकांच्या गोळ्यांनी मेली. ही माणसे रबरी नाहीत, हुबेहूब माणसांसारखी काढलेली आहेत आणि पडली की पुन्हा उठत नाहीत. ऑस्करसाठी या कार्टूनला नामांकन मिळाले होते. त्यातल्या प्राण्यांचे गाव वसले आहे ते शिपायांच्या मागे राहिलेल्या शिरस्त्राणांत.