पुण्यातल्या जुन्या जीपा, डिझेलचे दिवस आणि कलम 52

जुनी फोर बाय फोर विकत घ्यायची, चेसिसपर्यंत उघडायची आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद पुण्यात आता चांगलाच रुजला आहे. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात फिरलं तर एखादं मूळ मीटर किंवा दिव्याची रिंग हाती लागते, भोसरीत लेथवर हवं ते घडवून मिळतं. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. इथे मिळणारी जुनी जीप कारखान्यातून निघाली तशी क्वचितच राहिलेली असते. बॉनेटखाली बहुधा दुसरंच इंजिन असतं आणि आरसी बुकात त्याची नोंद कधी असते, कधी नसते. हे असं का झालं ते समजल्याशिवाय आज आरटीओत अडकणाऱ्या गाड्यांचं कोडं उलगडत नाही.

महायुद्धातल्या विलीस आणि फोर्ड जीपांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खडकी, दापोडी, देहूरोड हा पट्टाच लष्कराचा, त्यामुळे डिस्पोजलच्या गाड्या या शहराला नव्या नव्हत्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रा कंपनी सुट्या भागांतून जीपा जोडू लागली. अमेरिकेत 1953 साली सीजे-3बी ही जीप आली. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. तीच आपली 'हाय बॉनेट'. तिकडे ती 1968 साली बंद झाली, इकडे तिचा वंश त्यानंतर कित्येक वर्षं चालला. पंचायतीच्या अंगणात, धरणाच्या कामावर, पोलीस चौकीसमोर महाराष्ट्राने जी जीप पाहिली ती हीच. म्हणून तिचं बॉनेट कापून खाली घ्यायचं, सात खाचांच्या ग्रीलच्या जागी युद्धातल्या गाडीसारखी नऊ खाचांची ग्रील बसवायची आणि अंगावर पांढरा तारा रंगवायचा, हा प्रकार पाहवत नाही. नॉर्मंडीची गाडी त्यातून घडत नाही, आपली मात्र एक कमी होते.

आजच्या छंदाला कच्चा माल पुरवला तो साठ ते नव्वदच्या दशकांनी. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही तालुक्याची ओळख झाली. पाटबंधारे, वनखातं, बांधकाम खातं, सहकारी साखर कारखाने, सगळीकडे हीच गाडी. खात्याची मुदत भरली की लिलाव व्हायचा. लिलावात ती एखादा बागायतदार घ्यायचा, मागे ट्रेलर जोडायचा आणि उसाच्या बेण्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तिच्यावर लादायचा. लांब चेसिसच्या जीपा वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागल्या. आज पुरंदर, बारामती, इंदापूर भागात गोठ्याशेजारी उभी असलेली जीप सापडते ती या वाटेने तिथे पोचलेली असते.

पण पेट्रोल परवडेना. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल चढत गेलं आणि डिझेल सरकारने धरून ठेवलं. लिटरला दहा किलोमीटरसुद्धा न देणारं पेट्रोल इंजिन वडापवाल्याला किंवा शेतकऱ्याला पोसणं शक्यच नव्हतं. महिंद्रा कंपनीनेच मग डिझेल जीपा बाजारात आणल्या. आधी ट्रॅक्टरच्या वंशातलं इंजिन, मग प्यूजोचं 2.1 लिटरचं. सीजे 340 आणि एमएम 540 यांच्या नावापुढे 'डीपी' अक्षरं येतात ती डिझेल प्यूजोचीच. ज्यांच्याकडे आधीच पेट्रोल जीप होती त्यांनी गॅरेज गाठलं. कुणी प्यूजो बसवलं, कुणी ट्रॅक्टरचं, कुणी आकुर्डीच्या कारखान्यातल्या मॅटाडोरचं जर्मन घराण्याचं डिझेल.

हे काम कसं व्हायचं ते गाडी उघडली की आजही दिसतं. मूळ इंजिनाचे माउंट गॅसने कापलेले असतात आणि त्यांच्या जागी जाड पट्टीचे ब्रॅकेट वेल्ड केलेले असतात. इंजिन आणि जुना तीन गियरचा टी-90 गियरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर घडवलेली अडॅप्टर प्लेट असते. रेडिएटर पुढे सरकवलेला असतो. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एखादा पाटा वाढवलेला असतो, त्यामुळे गाडी नाक वर करून उभी राहते. पेट्रोलच्या मऊ चालीसाठी घडलेल्या गियरबॉक्सला डिझेलचे हिसके सोसत नाहीत. दुसऱ्या गियरचे दात झिजलेले आणि ब्रॅकेटच्या कडेला केसाएवढी चीर गेलेली, या दोन गोष्टी जोडीनेच सापडतात. तरीही फिटरांनी हे काम मन लावून केलेलं होतं. चाळीस वर्षं चाललेली ती वेल्डिंग पाहिली की त्या लोकांबद्दल आदरच वाटतो.

आता कायद्याकडे. सगळा गुंता इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

1939 च्या मोटार वाहन कायद्यात आणि पुढे 1988 च्या कायद्यातल्या कलम 52 मध्येही वाहनात बदल करायला सरसकट बंदी नव्हती. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा असेल तर मालकाने आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि मान्यता घ्यायची, एवढीच अट. इतकंच काय, सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्यता मिळाली असं धरलं जायचं. जोडणी किंवा उतरवणीमुळे रिकाम्या गाडीचं वजन दोन टक्क्यांपर्यंत बदललं तर विचारायचीही गरज नव्हती. हजार-बाराशे किलोच्या जीपला दोन टक्के म्हणजे वीस-चोवीस किलो. आज हौसेने बसवतात ती विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) आणि तिचा लोखंडी बंपर यात कुठेच बसत नाही, पण कॅनव्हासचं हूड किंवा जेरीकॅनचा स्टँड बसायचा. म्हणजे ऐंशीच्या दशकात ज्याने अर्ज करून, तपासणी करून घेऊन, पेट्रोलची जीप डिझेल केली आणि आरसीवर शेरा मारून घेतला, त्याने पूर्णपणे कायद्याने काम केलं होतं.

2000 साली कलम 52 बदललं. नवी भाषा अशी, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल कोणत्याही मालकाने करायचा नाही. आधी मोजपट्टी होती नोंदणीची, आता ती झाली उत्पादकाची. अपवाद ठेवला तो इंधन बदलणाऱ्या किटचा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा यांचं मान्यताप्राप्त किट ठरलेल्या अटींनी बसवता येतं. त्यामुळे आज चमत्कारिक स्थिती आहे. अटींत बसणाऱ्या जुन्या पेट्रोल जीपला मान्यता मिळालेलं विजेचं किट बसवायची वाट कायद्याने उघडी आहे, पण त्याच घराण्याच्या पुढच्या जीपमध्ये कारखान्यातच बसलेलं डिझेल इंजिन तिला बसवणं चालत नाही. किटची चाचणी करणारी संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. पण ती मंजुरी किट बनवणाऱ्यासाठी असते. एकट्या माणसाने एका गाडीसाठी त्या वाटेने जाणं खर्चात बसतच नाही.

नियम बदलला तरी जवळपास वीस वर्षं राज्याराज्यांत वेगवेगळी वागणूक चालू राहिली. केरळात उच्च न्यायालयाने रचनेतल्या बदलांना मोकळीक देणारा अर्थ लावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2019 मध्ये निकाल आला, की उत्पादकाचे मूळ तपशील बदलतील असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने शिक्षाही घातली, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

निकालाचा हेतू चुकीचा होता असं कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. तीनशे एमएमचे टायर, छताच्या उंचीचे दिवे, ब्रेक मात्र मूळ नऊ इंची ड्रम, अशा गाड्या घाटात जीव घेतात. जुन्या कागदांवर नवी गाडी उभी करण्याचा धंदाही होताच. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत नवा टब (गाडीची उघडी बॉडी), जोडलेली चेसिस आणि कुठल्यातरी भंगारात गेलेल्या जीपची आरसी, असा माल तयार व्हायचा आणि ट्रकवर चढून इथपर्यंत यायचा. त्याला आळा हवाच होता. पण मान्यता घेऊन, शेरा मारून, कर भरून रूपांतर झालेल्या गाडीला त्याच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे. अशी गाडी आज नूतनीकरणाला गेली की एक तपासनीस आरसी पाहतो आणि ती डिझेल म्हणून मान्य करतो, दुसरा मूळ मॉडेल पाहतो आणि पेट्रोल इंजिन कुठे आहे म्हणून विचारतो. दोघांच्याही बाजूने कायद्याचं एकेक वाक्य आहे. आणि मालकाने मूळ पेट्रोल इंजिन शोधून परत बसवलं, तर ते उत्पादकाशी जुळतं पण आरसीशी जुळत नाही. खरंखुरं पुनरुज्जीवन करणाऱ्यालाच यात सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात.

पेट्रोलकडे परतायची ही ओढ हल्लीची. पेट्रोलचे दर 2010 मध्ये मुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. दोन्हींतलं अंतर आटलं आणि डिझेल ठेवण्याचं कारण उरलं नाही. आठवड्याला एकदा ताम्हिणीला किंवा पानशेतच्या बाजूला जाणाऱ्याला हरिकेनचा शांत आवाज हवासा वाटतो. याच काळात, 2010 साली, थार आली. नवी गाडी आली म्हणून जुन्यांची हौस ओसरेल असं वाटलं होतं, झालं उलटंच. शोरूममधली थार पाहून लोकांना आजोळची जीप आठवली. बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग, पुढचे डिस्क ब्रेक हे सुटे भाग सहज मिळू लागले. स्टिअरिंगमधला जुना 'प्ले', म्हणजे सैलपणा, गेला की एमएम 540 शहरात चालवण्याजोगी होते, आणि डिस्क ब्रेक तर सुरक्षिततेच्या बाजूचाच बदल आहे.

जोंगा आणि जिप्सी यांचा मार्ग थोडा निराळा. जोंगा जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 ते 1999 या काळात बनली. तिचं जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन पोसायला हौस मोठी लागते. पुण्यात ती आली लष्करी लिलावांतून. जिप्सी 1985 ला 970 सीसीची होती, 1996 ला 1298 सीसीची झाली आणि 2019 ला थांबली. हलकी, साधी, म्हणून रॅलीवाल्यांची लाडकी. तिच्यात 1.6 लिटरचं बलेनोचं इंजिन सहज बसतं. दोन्ही एकाच घराण्यातली, तरी कलम 52 च्या नजरेतून तोही बदलच.

जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, वीस हजार शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. 1965 ची डिझेल केलेली सीजे-3बी इथेही बाहेर राहते. शिवाय अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी.

एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. छंदाला खरा फटका मात्र 1 एप्रिल 2023 च्या नियमाने बसला. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी त्या दिवसापासून संपते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची विशेष वाहनं तेवढी वगळली. म्हणजे पंचायत समिती, पाटबंधारे, वनखातं यांच्या लिलावातून गावोगाव जीपा पोचवणारी वाट बंद झाली. आता जे आहे ते खासगी हातांत आधीच गेलेलं.

त्यामुळे भाव चढलेत, आणि भाव ठरतो तो कागदांवर. घेणारा पत्रा नंतर बघतो, आधी चेसिसवरचा ठोकलेला नंबर बघतो. कागद धरून पेन्सिल फिरवतो आणि उमटलेले आकडे आरसीशी ताडतो. जाणता पेंटर सँडब्लास्टिंगला चेसिस पाठवण्याआधी त्या जागेवर टेप आणि रबराची पट्टी चिकटवतो, कारण वाळूच्या माराने ठोकलेले आकडे बुजले तर गाडी कितीही सुंदर उभी राहिली तरी तपासणीत अडकते. ज्यांच्या जुन्या आरसीवर डिझेलचा शेरा हाताने लिहिलेला आहे, त्यांनी ते पुस्तक जपून ठेवावं. स्मार्ट कार्ड करताना शेऱ्याची तारीख आणि मंजुरीचा क्रमांक नव्या नोंदीत आला का ते खिडकीवरच तपासून घ्यावं. दर पाच वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणात 2000 पूर्वीच्या रीतसर मान्यतेचा तोच एक पुरावा मालकाच्या हातात राहतो.