मुंगो सरोवर

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या नैर्ऋत्य भागातील कोरडे सरोवर व त्याभोवतीचे राष्ट्रीय उद्यान. मिल्डुरा शहरापासून अंतर सु. ११० किमी. पाकांत्यी (बार्किंजी), मुथी मुथी आणि न्गियांपा या आदिवासी समाजांची ही परंपरागत भूमी असून, तिचा अर्थ आजही तेच लावून दाखवतात. उद्यानाची स्थापना १९७९ मध्ये झाली. सु. २,४०० चौ. किमी. विस्ताराचा विलांड्रा सरोवर प्रदेश १९८१ मध्ये नैसर्गिक व सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा यादीत आला.

विलांड्रा ओढा ही लॅकलन नदीची जुनी शाखा. त्याच्या पाण्यावर सरोवरांची एक साखळी भरत असे. पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्व काठावर चंद्रकोरीच्या आकाराचे टेकाड रचले गेले. सरोवर भरलेले असताना त्यावर स्वच्छ वाळू साचे. पाणी ओसरू लागले की उघड्या तळावरची खारट चिकणमाती वाऱ्याबरोबर येई. त्यामुळे टेकाडाचे थर म्हणजे हवामानाची नोंदवहीच होय. भूवैज्ञानिक त्यांना गोलगोल, मुंगो, अरुंपो व झांची अशी नावे देतात. पाणी अखेरचे आटले ते बहुधा १८,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास. एकोणिसाव्या शतकात मेंढ्या व ससे यांनी वनस्पतींचे आवरण संपवले, तेव्हा टेकाड झिजू लागले. ‘चीनची भिंत’ या नावाने प्रसिद्ध असलेले सुळके या झिजेतूनच घडले, आणि पुरलेली हाडेही तिच्यामुळेच उघडी पडली.

भूवैज्ञानिक जिम बोलर यांना १९६८ मध्ये या टेकाडात जळालेली हाडे दिसली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीने ती काढली. जॉन मल्वेनी यांच्या प्रवासी पेटीतून ती कॅनबेराला गेली. ती एका तरुण स्त्रीची होती. देह जाळून, हाडे फोडून, पुन्हा जाळून ती खड्ड्यात ठेवलेली होती. दहनविधीच्या जगातील सर्वांत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये जवळच बोलर यांना एका प्रौढ पुरुषाचे दफन सापडले. देह उताणा ठेवून हात ओटीपोटावर जुळवलेले आणि त्यावर गेरू शिंपडलेला. असा गेरू जवळपास मिळत नाही, म्हणून तो लांबून आणला असावा असे मानतात. मृतासाठी कोणीतरी इतकी तजवीज केली, ही बाब कालनिर्णयाच्या वादात झाकोळू नये.

या वादाचा उगम पद्धतींच्या मर्यादेत आहे. रेडिओकार्बन पद्धत (अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनावरून वय काढण्याची रीत) सु. ५०,००० वर्षांच्या पलीकडे फारशी चालत नाही आणि त्या टोकाजवळ किंचितशा अर्वाचीन कार्बनानेही वय फार कमी भरते. स्त्रीचे वय आरंभी सु. २५,००० वर्षे धरले गेले, ते याच पद्धतीने. १९९९ मध्ये मानवशास्त्रज्ञ अ‍ॅलन थॉर्न व सहकाऱ्यांनी युरेनियम मालिका (युरेनियमच्या क्षयाचे मोजमाप), इलेक्ट्रॉन स्पिन अनुनाद (साठलेल्या किरणोत्साराच्या परिणामाचे मोजमाप) आणि वाळूची दीप्ती या तीन मार्गांनी पुरुषाचे वय ६२,००० ± ६,००० वर्षे काढले. ते खरे असते, तर खंडावरील मानवी वस्तीचा काळच मागे सरकवावा लागला असता. बोलर यांचा मुख्य आक्षेप वाळूच्या नमुन्यावर होता. तो प्रत्यक्ष दफनाच्या जागेतून घेतलेला नव्हता आणि ज्या थरात खड्डा खणला गेला, त्याच्याशी त्याचा संबंध निर्विवाद नव्हता. क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले, हे दीप्तीमापनातून कळते. म्हणून नमुना नेमका कोणत्या थराचा, यावरच सारे अवलंबून असते. बोलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चार प्रयोगशाळांच्या मोजमापांवरून दोन्ही दफनांचे वय ४०,००० ± २,००० वर्षे दिले. वस्तीच्या आद्य खुणा त्यांनी ५०,००० ते ४६,००० वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. स्तररचनेशी अधिक जुळणारा असल्यामुळे हाच निष्कर्ष ग्राह्य वाटतो. पुरुषाच्या हाडांतून मिळाल्याचे सांगितलेले प्राचीन जनुकद्रव्य (२००१) हे नंतरच्या स्पर्शाने आलेले असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. त्यामुळे त्यावर उभारलेले वंशविषयक तर्क आता टिकत नाहीत.

सु. २०,००० वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा या प्रदेशात २००३ मध्ये मिळाल्या. सरोवरांच्या मधल्या ओल्या चिकणमातीतून मोठी माणसे व मुले चालत, पळत गेलेली दिसतात. मध्य ऑस्ट्रेलियातून आलेल्या पिंटुपी मागकाढ्यांनी त्यांत एका पायाच्या माणसाची चाल ओळखली. ही नजर कोणत्याही उपकरणातून मिळाली नसती. धावणाऱ्यांच्या वेगाचे अंदाज मात्र लेखकागणिक बरेच बदलतात. मूळ खुणा जपणुकीसाठी पुन्हा वाळूखाली झाकल्या असून, अभ्यागत केंद्रापाशी त्यांची प्रतिकृती पाहता येते.

स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये आदिवासी ज्येष्ठांकडे परत आले. ते दोन किल्ल्यांच्या पेटीत राहिले. एक किल्ली ज्येष्ठांकडे, दुसरी पुरातत्त्वज्ञांकडे. पुरुषाचे अवशेष नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या साक्षीने मुंगोला परतले. दोन्ही अवशेष मे २०२२ मध्ये खुणेविना पुन्हा पुरले गेले. या निर्णयाबाबत आदिवासी समाजांतही मतभेद होते.

टेकाडावर मनमानी फिरता येत नाही. आदिवासी रेंजरांसोबतच तेथे जाता येते. चुलीची जागा, शिंपल्यांचे ढीग, दगडी पात्याचे तुकडे ते दाखवतात आणि कुठे थांबावे, काय विचारू नये हेही तेच ठरवतात. जमिनीवरची वस्तू उचलणे गुन्हा आहे. दुरून आलेल्या पाहुण्याने याला अटकाव समजू नये, घरमालकाने उंबऱ्याशी केलेले स्वागत समजावे. तंबू ठोकण्यासाठी मेन कॅम्प व बेला कॅम्प या नेमलेल्या जागा आहेत. बेला कॅम्प सु. ७० किमी.च्या वाहनफेरीच्या वाटेवर लागतो. वाटेतल्या मेंढपाळी काळाच्या खुणांपैकी सायप्रस पाइनची लोकर-कातरणी शेड १८६९ ची मानतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंश से. च्या वर जाते आणि हिवाळ्यात रात्री गोठणबिंदूजवळ येतात. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ मुक्कामासाठी सोयीचा. पाणी बरोबर न्यावे लागते. पावसानंतर कच्चे रस्ते बंद होतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांची स्थिती विचारून घ्यावी.